नुबेची जागा

(सिगसिग गावातल्या, गवताच्या हॅट विणणाऱ्या बायकांच्या संघटनेची खोली. भिंतीलगत लांब बाक. त्यावर दोघी विणत बसल्या आहेत. समोर टेबलाशी इंजिनियर रेनाता, तपासणीची तयारी करून घ्यायला क्वेंका शहरातून आलेली. गुरुवारची सकाळ. तपासणी सोमवारी. इथे मोठ्या बाईला आदराने 'दोन्या' म्हणतात, जिवलग मैत्रिणीला 'कोमाद्रे'.)

रेनाता : नाही, असं उत्तर नाही चालणार. परत घेऊया. मी रेनाता नाही. मी तपासणीला आलेला माणूस. आत्ताच दारातून आलो, नमस्कार झाला, कॉफी झाली. तर दोन्या तार्खेलिया, तुम्ही या संघटनेच्या अध्यक्ष. उद्या तुम्ही नसलात तर काम कोण सांभाळेल?

तार्खेलिया : मी कुठे चाललेय उद्या?

मेल्चोरा : कुठे जाणार! फार तर रविवारी बाजारात.

रेनाता : दोन्या मेल्चोरा, प्लीज.

मेल्चोरा : बरं बाई. मी आपली खजिनदार. विचारलं की तोंड उघडेन.

रेनाता : समजा तुम्ही आजारी पडलात. समजा थकलात.

तार्खेलिया : थकलेच आहे. सकाळपासून तू एकच प्रश्न विचारतेयस, मुली.

रेनाता : कारण सकाळपासून तुम्ही एकच उत्तर देताय.

तार्खेलिया : एकच उत्तर आहे म्हणून. माझ्यानंतर नुबे. सभेत ठरलंय. सगळ्यांनी हात वर केलेत.

रेनाता : नुबे म्हणजे तुमची मुलगी.

तार्खेलिया : मुलगी म्हणून नाही. हिला विचार. नुबे हॅटचा माथा असा घट्ट विणायची की वर पाणी ओतलं तरी थेंब गळायचा नाही. दलालाशी घासाघीस करायची तर तो बापडा घाम पुसत जायचा. दहा बायकांचं एकाच वेळी ऐकून घ्यायची, आणि दहाही जणींना वाटायचं, आपलंच ऐकलं.

रेनाता : विणायची. घासाघीस करायची. ऐकून घ्यायची.

मेल्चोरा : पकडलं बघ! शहरातल्या पोरी कान उघडे ठेवून येतात.

रेनाता : तो माणूसही पकडेल. म्हणेल, बोलवा नुबेला, जरा बोलू तिच्याशी. मग?

तार्खेलिया : मग बोलवेन.

रेनाता : कुठून?

मेल्चोरा : न्यूयॉर्कहून! तिकडे नखं रंगवायच्या दुकानात आहे ती. आधी म्हणाली असती तर माझीही रंगवून घेतली असती. गवत सोलून सोलून बघ कशी झालीत.

तार्खेलिया : कोमाद्रे, तुला विचारलं का कुणी?

मेल्चोरा : तुला विचारलं तर तू सांगत नाहीस, म्हणून सांगितलं.

रेनाता : थांबा, थांबा. आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही मला म्हणालात की गेल्या महिन्याच्या सभेला नुबे हजर होती.

तार्खेलिया : होती.

मेल्चोरा : होती की. मी स्वतः ऐकलं. नाव पुकारलं, 'हजर' असा आवाज आला.

रेनाता : कुणाचा?

तार्खेलिया : माझा.

रेनाता : तुमचा.

तार्खेलिया : परदेशी गेलेल्या बाईच्या नावाला तिची शेजारीण ओ देते. आमच्यात तसंच आहे. सगळ्यात आधी गेली ती ओर्तेन्सिया. पुढच्या सभेत तिचं नाव आलं आणि कुणी बोलेना. सगळ्या माना खाली घालून विणतायत. शेवटी तिची बहीणच म्हणाली, 'हजर.' बरं वाटलं सगळ्यांना. मग दुसरी गेली, तिसरी गेली. तीच रीत पडून गेली.

रेनाता : आणि बाकावरच्या या मोकळ्या जागा?

मेल्चोरा : मोकळ्या कुठे? ती ओर्तेन्सियाची. ती तिच्या भावजयीची, रोजा मिस्तिकाची. ही माझ्या सुनेची. ती खिडकीखालची, उजेडाची, ती नुबेची.

रेनाता : म्हणून सकाळी मला उठवत होतात! मी इथे बसले, म्हणालात तिकडे बस. तिकडे बसले, म्हणालात अगं तिकडे नको. मला वाटलं बाक मोडका आहे.

मेल्चोरा : बाक चांगला दणकट आहे. माझ्या नवऱ्याने केलाय.

रेनाता : मग सभेला प्रत्यक्ष किती जणी असतात? म्हणजे, अंगाने?

मेल्चोरा : अंगाने म्हणशील तर निम्म्याहून थोड्या कमी.

रेनाता : आणि मतदान?

तार्खेलिया : शेजारीण हात वर करते. तिला काय पटलं असतं ते आम्हाला ठाऊक असतं. एकत्र वाढलोय आम्ही.

मेल्चोरा : माझी सून तर नेहमी माझ्या विरुद्ध मत देते. पहिल्यापासून तसली आहे. मीच तिच्यासाठी हात वर करते आणि मीच हरते.

रेनाता : हसू नका हो. मलाही हसू येतंय, पण हसू नका. ही तपासणी कशाची आहे ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. संघटना पुढचा विचार किती समजून करते, आणि केलेल्या विचाराप्रमाणे वागते का. पहिली पायरी म्हणजे सगळं एका माणसाच्या डोक्यात. दुसरी म्हणजे कागदावर एक, प्रत्यक्षात भलतंच. तिसरी म्हणजे जे ठरवलं तेच चालतं. वर अजून दोन आहेत, त्यांचं नाव आज काढायला नको.

तार्खेलिया : आम्ही ठरवलं तेच चालतं इथे. मग आम्ही तिसऱ्या पायरीवर.

रेनाता : तुम्ही न्यूयॉर्कमधल्या बाईला अध्यक्ष ठरवलंय, दोन्या तार्खेलिया. ते चालणार कसं?

मेल्चोरा : सोपं आहे. माझी भाची लुस्मिला सोमवारी एक दिवस नुबे होईल. उंची तेवढीच आहे. दाताला दात जुळत नाही, पण तो माणूस काय दात बघणार आहे?

रेनाता : तो लुस्मिलाला पुढच्या वर्षाचे बेत विचारेल.

मेल्चोरा : तिचा बेत लग्नाचा आहे. तेवढा सांगेल बिचारी.

रेनाता : दोन्या मेल्चोरा, मिलानचा तो व्यापारी तिसऱ्या पायरीखालच्या संघटनेकडून माल घेत नाही. त्याला घाऊक माल लागतो, वर्षानुवर्षं लागतो, आणि मधे कुणी आजारी पडलं म्हणून तो थांबत नाही. आपण घसरलो की परत त्या सेसारियो दलालाच्या दारात.

मेल्चोरा : त्या दलालाचं नाव सकाळी सकाळी नको गं. हॅट हातात घेतो, काठ दुमडतो, उजेडात धरतो, नाक मुरडतो. विणलेली आपण आणि चूक त्याला दिसते. आपण उठलो, चालायला लागलो की मागून हाक मारतो. आपण परत येतो हे त्याला ठाऊक असतं.

तार्खेलिया : आपण परत जातो खरं.

रेनाता : ट्रान्सितोच्या दोन मुली, इथे विणायला येतात त्या, काय म्हणाल्या मला, माहीत आहे? यंदा मिलानचं जमलं तर थांबू. नाहीतर त्याही चालल्या. मामा तिकडे आहेच.

मेल्चोरा : कुणाला म्हणाल्या? मला तर काही बोलल्या नाहीत.

रेनाता : तुम्ही लगेच त्यांची जागा राखून ठेवाल, म्हणून बोलल्या नसतील.

तार्खेलिया : ...फटकळ आहेस तू.

रेनाता : माफ करा. सोमवार जवळ आला की माझी जीभ सुटते.

तार्खेलिया : नाही, बोल. फटकळ माणूस चालतं मला. नुबे तशीच आहे. येईल तेव्हा तुमचं पटेल.

रेनाता : कधी येणार आहेत?

तार्खेलिया : डिसेंबरात.

मेल्चोरा : कुठल्या?

तार्खेलिया : कोमाद्रे.

मेल्चोरा : कुठल्या डिसेंबरात, एवढंच विचारते. दर डिसेंबरात येणार असते. ये म्हणावं, पण येईल कशी? कागद नाहीत. एकदा बाहेर पडली की परत आत घेत नाहीत. ते कागद मिळाले की येईल, ते मीच सांगते इंजिनियरबाईंना. दरवर्षी आम्ही दोघी आसोगेसला मेघमातेच्या पायाशी जातो. गुडघे फुटले माझे त्या चढावर. मेणबत्त्या लावतो आणि म्हणतो, आई, पोरीला कागद मिळू देत.

तार्खेलिया : मिळाले.

मेल्चोरा : काय मिळाले?

तार्खेलिया : कागद. महिना झाला.

मेल्चोरा : महिना? अगं, महिना? आणि मला तोंडाने चकार शब्द नाही? रोज माझ्या शेजारी बसतेस, माझ्या ताटातला उकडलेला मका खातेस! मी बँड बोलावला असता. दोन डुकरं कापली असती!

तार्खेलिया : म्हणूनच नाही सांगितलं.

मेल्चोरा : म्हणजे?

तार्खेलिया : फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. म्हणाली, आई, झालं, हातात आलं कार्ड. मी रडायलाच लागले. ती पण रडत होती. मग म्हणाली, आता मला येता येईल. मी म्हटलं, ये. मी खोली झाडते, तुझ्या जागी उजेड चांगला येतोय, खिडकीची काच बदललीय. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, दुकानातून दोन आठवडे सुटी मिळेल, आई. माझ्या धाकट्याची शाळा बुडवता येत नाही.

मेल्चोरा : दोन आठवडे.

तार्खेलिया : आम्हाला बघायला येणार आहे. सगळं बघणार म्हणाली. नदी बघणार, बाजार बघणार, मला बघणार. मग जाणार.

मेल्चोरा : तिने असं म्हटलं? जाणार म्हणाली?

तार्खेलिया : म्हटलं नाही. परतीचं तिकीट स्वस्त कधी असतं ते सांगितलं.

रेनाता : आपण थोडं थांबूया का? मी बाहेर जाऊन येते.

तार्खेलिया : बस. कागद नव्हते तोवर ती अडकली होती, कोमाद्रे. मला वाटायचं, अडकलेलं माणूस सुटलं की घरी येतं. तेवढ्यावर मी दिवस काढत होते. आता ती सुटलीय. सुटून तिथेच आहे.

मेल्चोरा : आणि मेणबत्त्या आपणच लावल्या.

तार्खेलिया : आपणच.

मेल्चोरा : चांगल्या महागातल्या.

तार्खेलिया : खुश आहे ती. आवाजावरून कळतं. इतक्या वर्षांत तसा आवाज ऐकला नव्हता मी. मला वाईट वाटून घ्यायलाही जागा ठेवली नाही पोरीने.

मेल्चोरा : ये इकडे. दे ते गवत माझ्याकडे, वाळून चाललंय तुझ्या हातात. ओलं कर की. इंजिनियरबाई, तो पाण्याचा वाडगा सरकव जरा.

रेनाता : हा घ्या. दोन्या तार्खेलिया, एक विचारू? तपासणीतलं नाही, माझं आपलं.

तार्खेलिया : विचार.

रेनाता : गेल्या वर्षी तुमच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तुम्ही क्वेंकाला पडून होतात. ती मोठी ऑर्डर त्याच वेळी गेली ना? कुणी पाठवली?

मेल्चोरा : युलेयसीने.

तार्खेलिया : युलेयसीने.

रेनाता : मागच्या अंगणात हॅट पांढऱ्या करायला गंधकाची धुरी देतेय, ती? व्हेनेझुएलाची?

मेल्चोरा : तीच. नवऱ्याबरोबर निम्मा रस्ता पायी आली तिकडून. आली तेव्हा तिला गवताची कुठली बाजू सरळ ते कळत नव्हतं. चहाची गाळणी विणून दाखवली मला, म्हणे हॅट आहे.

तार्खेलिया : आता कशी विणते तेही सांग.

मेल्चोरा : आता बरी विणते. चांगली विणते. काठाच्या शेवटच्या गाठी तिच्याकडेच देते मी. माझी बोटं वळत नाहीत. पण बडबड! सकाळी तोंड उघडलं की अंधार पडल्यावर मिटते.

रेनाता : ती बसते कुठे?

मेल्चोरा : दाराशी. स्टुलावर.

रेनाता : दाराशी तर वारा लागतो. गवत वाळतं ना वाऱ्याने?

मेल्चोरा : वाळतं. सारखं पाणी शिंपडत बसते बिचारी. पण करणार काय, बाकावर जागा...

रेनाता : (बाकावरून नजर फिरवून मेल्चोराकडे बघते.)

मेल्चोरा : अशी बघू नकोस माझ्याकडे. मी एकटीने नाही ठरवलेलं.

तार्खेलिया : मागे मी तिच्या आईशी बोलले फोनवर. तिकडे व्हेनेझुएलात, बार्किसिमेतोला असते. युलेयसीचे हात गंधकाने भरलेले, म्हणून फोन मीच कानाला लावला. बाई चांगली बोलकी. म्हणाली, पोरीची खोली मी जशीच्या तशी ठेवलीय. धाकटीला तिच्या खाटेवर झोपू देत नाही. ती खाली सतरंजीवर झोपते.

मेल्चोरा : धाकटी?

तार्खेलिया : हो. आणि मला असा राग आला, कोमाद्रे. मनात म्हटलं, काय हट्टी बाई आहे! थोरली इथे वाऱ्यात बसून पाठ मोडून घेतेय, धाकटी तिथे जमिनीवर झोपतेय, आणि ही खाट अडवून बसलीय. फोन ठेवला. मग फडकं घेतलं आणि नुबेची जागा पुसायला गेले. रोज पुसते ना मी.

मेल्चोरा : हं.

तार्खेलिया : पुसता पुसता हात थांबला माझा.

मेल्चोरा : म्हणजे नुबेची जागा युलेयसीला द्यायचं तू मनात ठरवूनच बसली होतीस. आणि ही पोर सकाळपासून घसा फोडतेय.

तार्खेलिया : मनात असणं वेगळं. तोंडाने म्हणणं जमत नव्हतं. आज जमतंय का बघत होते.

मेल्चोरा : ती बाहेरची आहे, तार्खेलिया. उद्या तिच्या देशात बरं झालं की ती चालली.

तार्खेलिया : हे तिच्या आईला सांग. ती बाई आनंदाने नाचेल.

मेल्चोरा : आणि आज नुबेची जागा दिलीस तर उद्या माझ्या सुनेची मागतील. नातू तिकडे शाळेत जातात, हे मला कळत नाही का? पण ती जागा बघितली की वाटतं, नुसती पाणी प्यायला उठलीय.

तार्खेलिया : तुझ्या सुनेचं मी बोलत नाहीये. मी माझ्या मुलीचं बोलतेय. तुझं तू बघ, सावकाश बघ.

मेल्चोरा : ...खिडकीखाली म्हणजे माझ्या उजव्या हाताला येणार ती. दिवसभर या कानात बडबड.

तार्खेलिया : त्या कानाने तसंही तुला कमी ऐकू येतं.

मेल्चोरा : तेवढं एक बरं आहे.

रेनाता : मग, सभेतली हजेरी? ते 'हजर' म्हणणं? सोमवारी तो माणूस सभेत बसणार आहे. मी त्याला खोटं सांगणार नाही, आणि तुम्ही सांगावं असंही मला वाटत नाही.

मेल्चोरा : म्हणजे नावं काढून टाकायची? ओर्तेन्सियाचं? रोजा मिस्तिकाचं? मी नाही बाई बसणार असल्या सभेत.

तार्खेलिया : नावं राहू देत. सगळी पुकारायची, पहिल्यासारखी. फक्त ओ द्यायची नाही.

मेल्चोरा : आणि मग?

तार्खेलिया : मग काही नाही. क्षणभर गप्प बसायचं आणि पुढचं नाव घ्यायचं.

मेल्चोरा : फार गप्प बसावं लागेल गं.

तार्खेलिया : हो. सभा लांबेल जरा.

रेनाता : मतं मात्र हजर असलेल्यांचीच.

मेल्चोरा : म्हणजे सुनेशी हरणं बंद. चला, काहीतरी पदरात पडलं.

रेनाता : परत घेऊया? शेवटचं. मी तो माणूस. दोन्या तार्खेलिया, उद्या तुम्ही नसलात तर काम कोण सांभाळेल?

तार्खेलिया : युलेयसी. युलेयसी कोल्मेनारेस.

रेनाता : त्यांना हे माहीत आहे?

तार्खेलिया : नाही अजून.

रेनाता : मग आधी विचारायला हवं. बोलावू का तिला?

तार्खेलिया : आत्ता नको. धुरीची पेटी मधेच उघडली तर अख्खा घाणा पिवळा पडेल. दुपारी विचारते. आणि सभेत मांडू, हात वर होऊ देत. नाही म्हणाली तर?

मेल्चोरा : नाही म्हणायला वेळ कुठे मिळणार तिला, तिचं बोलणं संपेल तेव्हा ना.

रेनाता : एकच प्रश्न राहिला. तपासणीच्या कागदावर हा तुम्ही कोराच सोडलाय, म्हणून मीही आजवर काढला नाही. पाच वर्षांनी ही संघटना तुम्हाला कशी दिसते? मोठमोठं काही नको. डोळ्यांसमोर येईल ते सांगा.

तार्खेलिया : डोळ्यांसमोर?

रेनाता : हो.

तार्खेलिया : बाक भरलेला दिसतो. ट्रान्सितोच्या पोरी आहेत. लुस्मिला आहे, कडेवर मूल आहे तिच्या. मी नाही, मी घरी असेन. मग दारात एक बाई येते. अंगात चांगला कोट, पायात शहरातले बूट, बरोबर एक उंच मुलगा. त्याला आपली भाषा नीट येत नाही. ती आत बघते. बाकावरच्या पोरी तिला ओळखत नाहीत. युलेयसी उठते आणि विचारते, या ना, कुणाला भेटायचंय तुम्हाला?

मेल्चोरा : पुरे गं. पुरे.

तार्खेलिया : विचारलंय म्हणून सांगतेय.

रेनाता : दोन्या तार्खेलिया, हे मी काय म्हणून लिहू?

तार्खेलिया : लिही, पाहुण्यांसाठी खुर्च्या घ्यायच्या. पाठ टेकता येईल अशा. लांबून आलेल्या असतात.